कापूस आहे तोवर

...आणि वर फॅन बंद! चैत्रातलं ऊन, जळगाव जिल्हा, टळटळीत दुपार, चारी बाजूंनी छतापर्यंत कापूस, आणि फॅन बंद! नाही, तुम्ही हसा. तुमच्या डोक्यावर फिरतोय ना पंखा, तुम्ही हसणारच. आमच्याही डोक्यावर होता हो, चांगला तीन पात्यांचा होता, पण तो फिरायला लागला की खर्रर्र-खट्, खर्रर्र-खट् करायचा आणि ते खट् काही केल्या माझ्या ठेक्यात बसायचं नाही. मी इकडे चार मात्रा धरून घाम गाळतोय आणि पंख्याचा वर आपला स्वतंत्र कारभार! मग बन्सीलाल हात वर करायचा आणि म्हणायचा, "फॅन बंद." आणि फॅन बंद झाला की, तुम्हाला सांगतो, माणसाला घाम येत नाही, माणूसच पाझरायला लागतो, आणि पाझरलेल्या माणसाला कापूस चिकटतो. एक गाणं वाजवून बाहेर आलो की भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कान पांढरे. अभिमनची आई, भिकुबाई, ओट्यावर गहू निवडत बसलेली असायची, ती माझ्याकडे बघून दरवेळी तेच विचारायची, "हा कोन म्हातारा आला व बाई?"

आता तुम्ही म्हणाल, कापसात बसायला सांगितलं होतं कोणी? सांगतो ना! सगळं सांगतो. मी झुलाल. मूळचा धुळ्याचा, राहायला पिंप्राळ्यात. मी ड्रम वाजवतो. ड्रम म्हणजे ढोल नाही, ताशा नाही, संबळ नाही... हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण आमच्याकडे 'बँड' म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, वरातीत किती वेळ वाजवणार, आणि दुसरा, घोडी तुमची का आमची? अहो, आमचा रॉक बँड! नाव 'वावधन'. वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ, छपराचे पत्रे नेणारं. आणि या वादळात माणसं किती, तर तीन. गिटार आणि गळा अभिमनचा, हा असोद्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. कॅसिओ बन्सीलालचा. त्याचं पिंप्राळ्यात टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, म्हणून रेकॉर्डिंगची यंत्रंही त्याचीच, सगळी उघडी, आतली तार अन् तार दिसते, हात लावला की झटका. आणि ड्रमवर मी. माझा सेट भुसावळच्या एका रिटायर रेल्वेवाल्याकडून आणलेला. त्याच्या मोठ्या ड्रमवर इंजिनाचं चित्र होतं, ते मी पुसलं नाही. चांगलं होतं!

पहिला कार्यक्रम धुळ्याला, गणपतीत. पहिलं गाणं संपलं, डोळे उघडून पाहतो तर समोर खुर्च्या. नुसत्या खुर्च्या! मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले, बिचारे भले गृहस्थ, रागावलेही नाहीत, हळूच कानात म्हणाले, "हाई काय शे भाऊ? बठ्ठा लोके उठी ग्यात." मी म्हटलं, अध्यक्ष, हे रॉक शे. ते म्हणाले, असू द्या, चहा घ्या.

पण अभिमनला सांगेल कोण! अभिमन तुम्हाला माहीत नाही. हा पोरगा केळीला पाणी देता देता चाली बांधायचा. एस.टी.ची वाट पाहण्यावर गाणं, वीज जाण्यावर गाणं, साध्या आपल्या बोलीतलं आणि खाली गिटार अशी की अंगावर काटा यावा. मी त्याच्यावर कितीही कुरकुर करतो, पण खरं सांगतो, त्याने गायला तोंड उघडलं की मला माझ्या हातात काड्या आहेत याचा आनंद व्हायचा. म्हणून तर टिकलो.

तर आम्ही दोघं गेलो मुंबईला, कॅसेट कंपनीत. बन्सीलालच्या दुकानात भरलेली टेप घेऊन. आता ही इंडस्ट्री म्हणजे काय असते, तुम्हाला सांगतो, एक टेबल असतं, टेबलामागे एक शेठ असतो, आणि शेठच्या मागे देवांचे फोटो असतात, म्हणजे आपल्याला वाटतं देवघर आहे, तर ती त्यांनी काढलेल्या कॅसेटींची कव्हरं असतात! शेठने विचारलं, देवाचं काही आहे का? नाही. हळदीचं? नाही. निदान मधे एखादं नाचायचं? अभिमन म्हणाला, सगळीच नाचायची आहेत, पण आतल्या आत. शेठने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण सुट्टे नसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. तरी टेप लावली. लावली हो! थोडी ऐकली आणि म्हणाला, मागे काय वाजतंय? आम्ही खरं ते सांगून टाकलं. मागे पिठाची गिरणी वाजत होती, बन्सीलालच्या शेजारची. शेठ म्हणाला, गिरणी छान वाजते, पण ती तुमच्या ग्रुपमध्ये आहे का? मग म्हणाला, पोराचा गळा बरा आहे, याच उन्हाळ्यात सहा गाणी साफ आवाजात भरून आणा, एको जास्त टाका, मग बघू.

'मग बघू'! ही अख्खी इंडस्ट्री, तुम्हाला सांगतो, या दोन शब्दांवर उभी आहे. आणि एको! जो तो म्हणतो एको टाका. सूर लागला नाही, एको टाका. शब्द कळत नाहीत, एको टाका. भाजीत मीठ जास्त झालं की बटाटा टाकतात, तसा एको!

पण उन्हाळा म्हटल्यावर अभिमनचा चेहरा उतरला. कारण सुरतेला त्याच्या मामाने साड्यांच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की निघ, असा मामाचा निरोप. आणि अभिमनचे वडील, सुपडूआबा, त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की मुंबईवाल्याने कॅसेट काढली तर राहा, नाहीतर आखाजीनंतर सुरतची गाडी धर. म्हणजे बघा, आखाजीच्या आत सहा गाणी साफ भरायची, नाहीतर गिटार खुंटीला आणि अभिमन सुरतेला. आणि साफ आवाज आणायचा कुठून? जळगावात! जिथे रिक्षावाला रस्ता रिकामा असला तरी हॉर्न वाजवतो, असावा म्हणून!

आणि मग तो दिवस. आम्ही असोद्याला अभिमनकडे जेवायला. भिकुबाईंनी वांग्याचं भरीत केलेलं, कळण्याची भाकरी, मी तर बाकी जग विसरलो होतो. अभिमन कशाला तरी पुढच्या खोलीत गेला आणि आतून ओरडला. म्हणजे तो ओरडला असं तो म्हणतो, आम्हाला ऐकूच आलं नाही! पुढच्या खोलीत कापूस भरलेला. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडची रीत, भाव आला नाही की कापूस घरात. बाजेवर, कपाटाच्या मागे, खिडकीपर्यंत, छताच्या लाकडी सरांपर्यंत कापूस, माणसं अंगणात. बन्सीलालने आत जाऊन टाळी वाजवली. टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली. परत आलीच नाही! पुन्हा वाजवली, पुन्हा मेली. बन्सीलालच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंबईच्या स्टुडिओवाले भिंतींना काय काय लावतात तेव्हा कुठे इतकी शांतता येते म्हणे, आणि इथे ती आबांनी वेचून, गाडीत घालून, घरी आणून ठेवली होती.

मग आम्ही कापसात बोगदा केला. तुरीच्या काड्यांच्या ताट्या लावून तो धरून ठेवला, मधे तिघांपुरती जागा, कोपऱ्यात यंत्रं. सुपडूआबा दारात उभे राहून सगळं बघत होते. बोलणारा माणूस नव्हे तो. आम्ही सगळं मांडून झाल्यावर एवढंच म्हणाले, "कापूस हाये तवर बसा. भाव आला का गाडी लागली म्हना." आणि गेले अंगणात, आपल्या खाटेवर. बन्सीलालने त्याचं सुवचनच करून टाकलं. कोणी चहाला उठलं, कोणी शिंकलं, कोणी म्हणालं जरा पाठ टेकतो, की बन्सीलाल म्हणायचा, "कापूस आहे तोवर स्टुडिओ आहे!"

आणि शिंका! शिंकांचं तर मी बोलायलाच नको. पहिलं गाणं सगळं नीट झालं, शेवटचा सूर हवेत विरतोय, बन्सीलालचा हात वर, आणि मी... आता काय करू, तंतू नाकात गेला! पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या गाण्यात झांजेवर कापूस बसला, झांज वाजेना, नुसती खोकायची. तिसऱ्या गाण्यात मी जरा रंगात आलो, मोठा ड्रम दणकवला, आणि वरून दरड कोसळली! अख्खा बन्सीलाल कापसाखाली. दिसेनासा झाला. पण थांबला नाही हो! आतून कॅसिओ वाजतच राहिला, ढिगाच्या आतून, आणि मी व अभिमन एकमेकांकडे बघत वाजवतोय, आता याला काढायचं की गाणं संपवायचं? गाणं संपवलं. मग काढला. बाहेर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "सूर बरोबर होते ना?" आणि तुम्हाला सांगतो, त्याने आयुष्यात वाजवलेला सगळ्यात चांगला तुकडा तो हाच, आंधळा वाजवलेला.

असं करत करत पाच गाणी झाली. भिकुबाई रोज भाकरी बडवायच्या आणि ओट्यावरून मत द्यायच्या. एकदा म्हणाल्या, गानं चांगलं हाये रे अभिमन, पन आपन जवळच तर बसेल हाये, मंग इतका ओरडतो काहून? संगीतावर एवढी नेमकी टीका मी पुढे कुठे ऐकली नाही.

राहिलं सहावं. आणि सहावं काही होईना. त्या गाण्याचं ध्रुवपदच असं होतं... थांबा, मी गात नाही, घाबरू नका, नुसतं सांगतो.

घर आमचं भरून आलं,
बाप गेला अंगणात.

कळलं ना? अहो, कापूस घरात आला की आबांची खाट बाहेर. थंडीतही बाहेर. अभिमन लहानपणापासून ते बघत आलेला. त्याने ते गाण्यात घातलं, पण बापाला तोंडावर कधी काही बोललेला नाही आणि बापही त्याला कधी काही बोललेला नाही, त्यांच्यात बोलणं म्हणजे 'मोटर चालू केली का' आणि 'हो'. आणि आता बाप दाराबाहेर खाटेवर बसलेला, आणि याने त्याच्यावरच गायचं! शेवटचं कडवं आलं की अभिमनचा गळा दाटायचा. मंडपात एकोमध्ये लपता येतं हो, घसरलं तरी गोड वाटतं. कापसात लपायला जागा नाही. जे आत असतं तेच बाहेर येतं, तितकंच येतं. तो थांबायचा. पुन्हा सुरू करायचा, पुन्हा तिथेच थांबायचा. मी म्हटलं, अभिमन, दुसरं गाणं घे, ते वीज जाण्यावरचं एक आहे. तो म्हणाला, नाही, हेच.

आणि त्यातच भाव आला!

आला म्हणजे काय, अख्ख्या असोद्यात गाड्या लागल्या. गल्लीत कापूस उडतोय, घराघरातून वजनकाट्याचे आवाज. आम्ही गुपचूप यंत्रं आवरायला घेतली. कापूस आहे तोवर स्टुडिओ, आणि कापूस निघाला! पण आबांच्या दाराशी गाडी लागलीच नाही. रतिलाल नावाचे व्यापारी यायचे, ओट्यावर बसायचे. आबा म्हणायचे, उद्या या. उद्या आले की म्हणायचे, परवा बघू. बन्सीलाल मला कोपराने ढोसायचा, म्हातारा लोभी आहे रे, अजून भाव चढायची वाट बघतोय, आपलं फावलं! गावही हसत होतं. सगळ्यांची घरं रिकामी, माणसं आत पंख्याखाली झोपलेली, आणि आबा आपले अंगणात.

मग भाव खाली यायला लागला. आणि अभिमन अजून शेवटच्या कडव्यात अडकलेला.

त्या दुपारी उकाडा असा होता की बन्सीलालसारखा माणूस म्हणाला, दार जरा किलकिलं ठेवा, नाहीतर मी मरेन. फॅन बंदच, पण दार किलकिलं. त्याने टेप चालू केली, हात वर केला, मी काड्या उचलल्या. आणि त्या शांततेत बाहेरचं बोलणं आत आलं. रतिलाल आबांना समजावत होते, अगदी कळवळून. अख्खं गाव रिकामं झालं, तुमचंच घर राहिलं, आज देऊन टाका, उद्या हाही भाव राहायचा नाही.

आबा म्हणाले, "नही देत."

"अहो पण का?"

"पोऱ्याचं एक गानं बाकी हाये."

रतिलाल ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "गाण्यापायी भाव घालवता, आबा?"

"भाव काय, पुढच्या साली बी येईन. पोऱ्या सुरतले गेला म्हंजे येईन का नही, मले ठाव नही."

बस. एवढंच. मी बन्सीलालकडे पाहिलं, तो आपल्या यंत्राकडे बघत होता, जणू त्यातली एखादी तार सुटलीय. आणि अभिमन... अभिमनने डोळे मिटले आणि कोणाची खूण न बघता सुरुवात केली. मी कसं वाजवलं मला आठवत नाही. हातच वाजवत होते. शेवटचं कडवं आलं, त्याचा गळा दाटला, पण तो थांबला नाही, तसाच दाटलेल्या गळ्याने गात राहिला, आणि शेवटची ओळ होती,

सरका जरा, जागा करा,
बाप येतो घरात.

आणि सूर संपला, झांज विरत चाललीय, टेप फिरतेय, आणि दार उघडून आबा आत आले. म्हणाले, "झालं का रे?"

अभिमन म्हणाला, "झालं, आबा." हे टेपवर नाही, कारण तेवढ्यात बन्सीलालला यंत्र बंद करायची आठवण झाली. पण 'झालं का रे' आहे. लख्ख आहे. कापसातलं, बिनएकोचं.

दुसऱ्या दिवशी कापूस गेला. उतरलेल्या भावात गेला. त्या रिकाम्या खोलीत मी सहज एक काडी ड्रमवर मारली तर सगळं घर घुमलं. आबा खाट आत घेऊन आले होते. ते दचकले नाहीत, फक्त म्हणाले, आता हळू.

मुंबईला शेठने सहाही गाणी ऐकली. पूर्ण ऐकली! सहाव्याला चष्मासुद्धा काढला. आणि मग म्हणाला, सुंदर, फक्त शेवटी तो म्हातारा काढा आणि एको टाका. मी मनात म्हटलं, काढ बाबा, तीन शब्द आहेत, काढ आणि राहा जळगावात! अभिमन म्हणाला, तो म्हातारा राहील. शेठ म्हणाला, मग बघू. ते अजून बघतायत.

आणि आखाजी झाली, झोके सुटले, अभिमन सुरतेला गेला. मला वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. स्टेशनवर गिटार त्याने माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघंही, दोन बिनडोक, गाडीची वेळ काय आहे यावर बोलत राहिलो.

पण बन्सीलाल गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याने दुकानात कॅसेटी भरल्या, एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि दिल्या रिक्षावाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना, सावद्याच्या केळीच्या ट्रकवाल्यांना. आणि काय झालं असेल? अभिमनला कोणी ओळखत नाही, मला तर नाहीच, पण सुपडूआबा जळगावच्या बाजारात गेले आणि काही बोलले की लोक वळून बघतात, अहो, तुम्ही ते 'झालं का रे' वाले ना? आबा मान हलवतात. नाही म्हणत नाहीत!

आणि तेव्हापासून दर साली, तुम्हाला सांगतो, अख्खं असोदं कापूस विकून मोकळं होतं आणि आबांचं घर भरलेलं. आखाजी जवळ आली की आबा फाट्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये जातात, सुरतेला कारखान्यात फोन लावतात. 'आठवण येते' म्हणतील? 'ये' म्हणतील? छे! "इस्टुडिओ भरेल हाये," म्हणतात, आणि ठेवून देतात. अभिमन येतो. मग मला निरोप, बन्सीलालला निरोप, आणि आम्ही पुन्हा कापसात!

यंदाही तेच. कालच परत आलोय, हे बघा, कानात अजून आहे. आता आबांची खाटही आत असते, बोगद्याच्या तोंडाशी. मी शिंकलो की तेच माझ्याकडे डोळे वटारतात. गाणी झाली. मी म्हटलं, आबा, सगळी झाली, भाव बरा आहे, रतिलालशेठ ओट्यावर बसलेत, देऊन टाका आता कापूस. मलाही घरी जाऊ द्या.

आबा म्हणाले, "एक बाकी हाये."

मी म्हटलं, कोणतं? अभिमनने तर दुसरं कुठलं लिहिलेलंच नाही.

आबांनी अभिमनकडे बघितलं नाही. कापसाकडे बघत म्हणाले, "अजून दोन दिस राह्यला तर सुचंन त्याले."

आणि म्हाताऱ्याने उठून स्वतःच्या हाताने फॅन बंद केला.